न आलेला हंस

परवा माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पाच-सहा वर्षे नोकरीनिमित्त शांघायला काढून तो नुकताच घरी परतला आहे. गुरुजींसाठी काय न्यावे, हा त्याला मोठाच प्रश्न पडला असावा; कारण चहा मी घेतो तो दुधाचा, आणि रेशमी शेला घालून बसण्याचे दिवस माझ्या वडिलांबरोबरच गेले. शेवटी त्याने कागदाची एक लांब गुंडाळी माझ्यापुढे ठेवली. उलगडून पाहतो तो एकाखाली एक अशी कुंचल्याने काढलेली चार काळीभोर अक्षरे.

"वर्गात लावा, गुरुजी," तो म्हणाला. "अर्थ एवढाच, की मन लावून शिका."

ही भेट मला फारच पसंत पडली. इतकी वर्षे जे मी घसा कोरडा करून सांगत आलो, ते आता भिंत सांगणार होती. विद्यार्थ्यांच्या अगदी समोर येईल अशा जागी मी तो कागद टांगला. पण एखादी बंदीश हाती आली, की ती कोणाची, कोठून आली, हे विचारल्याशिवाय आमच्या घरात ती कोणी गात नसे. त्याच खोडीने मी या चार अक्षरांच्या मागे लागलो. आणि जे हाती लागले, त्याने माझी जरा पंचाईतच केली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

अक्षरांचा उच्चार देवनागरीत नेमका उतरत नाही. जवळपास 'जुआन-शिन-जर्-जर्' असा होतो. शेवटची दोन आपल्या कानाला सारखीच लागतात, पण कागदावर ती निराळी आहेत. चिनी भाषेत असे चार अक्षरांचे हजारो वाक्प्रचार आहेत. त्यांना 'छंग-यू' म्हणतात, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या पाठीशी एखादी गोष्ट उभी असते. आपण 'भगीरथ प्रयत्न' म्हणतो, तेव्हा दोन शब्दांत सारी गंगावतरणाची कथा येते, तसाच हा प्रकार.

पहिल्या अक्षराचा आजचा अर्थ 'केवळ एका गोष्टीला वाहिलेला' असा आहे. त्याच्या फार जुन्या रूपात मात्र सूत कातण्याची टकळी आणि तिला फिरवणारा हात दिसतो, असे लिपीचे जाणकार सांगतात. दुसरे अक्षर म्हणजे हृदय. चिनी भाषेत हृदय आणि मन यांना एकच शब्द आहे. तिसऱ्याचा अर्थ नेऊन पोचवणे, शेवटास नेणे. चौथे म्हणजे संकल्प. त्याच्या जुन्या रूपात खाली हृदय आणि वर 'जाणे' या अर्थाचे चिन्ह आहे. मन जिकडे जाते, तो संकल्प. तेव्हा चारही अक्षरे एकत्र वाचली, तर मन एका जागी गुंडाळीत राहावे आणि मनाचे जाणे शेवटपर्यंत पोचवावे, असा काहीसा अर्थ होतो. ज्याने कधी टकळीवर सूत काढले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. हात थांबला की धागा तुटतो.

आता यामागची गोष्ट. ती मेन्शियसच्या ग्रंथात आहे. चिनी लोक त्याला मंग-झ म्हणतात. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला हा सर्वांत मोठा आचार्य. त्याचा काळ इ. स. पूर्व ३७२ ते २८९ असा सामान्यतः मानतात. जेम्स लेग या स्कॉटिश मिशनऱ्याने त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली हाँगकाँगला छापले. ते मी मिळवून वाचले. गोष्ट सहाव्या प्रकरणाच्या पूर्वार्धात आहे आणि ती पुरती पानभरही नाही.

चीनमध्ये 'वेइ-छी' नावाचा एक बैठा खेळ आहे. जपानात त्यालाच 'गो' म्हणतात. आपल्या बुद्धिबळाशी त्याचे नाते नाही. यात राजा नाही, वजीर नाही, आणि एकदा पटावर ठेवलेली सोंगटी जागची हलत नाही. काळ्या-पांढऱ्या सोंगट्या रेघांच्या छेदांवर एकेक मांडीत जायच्या आणि पटावरची जागा वेढायची. आजच्या पटावर उभ्या १९ आणि आडव्या १९ रेघा असतात, म्हणजे ३६१ छेद. जुने पट १७ रेघांचेही सापडले आहेत. मेन्शियसच्या काळी या खेळाला 'यी' म्हणत. त्यात साऱ्या राज्यात पहिला मानलेला एक खेळाडू होता, त्याचे नाव छिउ. लोक त्याला यी-छिउ म्हणत. आपल्याकडे पखवाजी, बीनकार अशी नावे धंद्यावरून पडतात, त्याप्रमाणे.

मेन्शियस म्हणतो, समजा, हा यी-छिउ दोघा शिष्यांना शिकवायला बसला आहे. एकाने सारे मन, सारा संकल्प त्या खेळात घातला आहे. गुरू जे सांगेल तेवढेच तो ऐकतो. दुसराही कानांनी ऐकतोच आहे. पण त्याच्या मनात असे, की आता एक हंस येणार, आणि आपण धनुष्य ओढून दोरी बांधलेला बाण त्याच्यावर सोडणार. दोघे एकाच गुरूपुढे बसलेले. तरी दुसरा पहिल्याच्या बरोबरीला येत नाही. मग मेन्शियस विचारतो, याची बुद्धी कमी आहे म्हणून असे होते काय? आणि स्वतःच उत्तर देतो: तसे नाही.

दोरीच्या बाणाची कल्पना त्याने आपल्या पदरची घातलेली नाही. पाखरू पडले की हरवू नये, म्हणून बाणाला बारीक दोरी बांधून शिकार करण्याची ती खरी रीत होती. सछ्वान प्रांतात हान राजवटीच्या उत्तरकाळातल्या थडग्यांतून ठशाच्या विटा निघाल्या आहेत. त्यांतल्या एका प्रसिद्ध विटेवर, कमळे फुललेल्या तळ्याच्या काठी बसून दोघे तिरंदाज उडत्या पाखरांवर दोरीचे बाण सोडताना दाखवले आहेत. म्हणजे त्या शिष्याच्या डोळ्यांपुढे जे होते, ते त्या काळच्या कोणत्याही पोराच्या डोळ्यांपुढे उभे राहील असेच होते.

येथवर वाचून आपल्यापैकी प्रत्येकाला द्रोणाचार्य आठवले असतील. गुरू आहे, शिष्य आहेत, धनुष्य आहे आणि पाखरूही आहे. महाभारतात द्रोणांनी झाडावर एक कृत्रिम पक्षी ठेवला आणि एकेकाला विचारले, काय दिसते? इतरांना झाड, गुरू, भाऊ असे सगळे दिसले. अर्जुनाला पक्ष्याचे मस्तक तेवढे दिसले. कथा-कीर्तनात त्याचा पुढे डोळा झाला. एकाग्रतेचा हा धडा आपण मुलांना पिढ्यानपिढ्या देत आलो. मीही वर्गात शेकडो वेळा दिला असेल.

पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, तेव्हा मला एक फरक जाणवला. द्रोणांनी परीक्षा घेतली आणि इतरांना बाजूला केले. त्या बाजूला झालेल्यांचे काय चुकले, हे गोष्ट पुढे विचारीत नाही. ती अर्जुनाबरोबर निघून जाते. मेन्शियसची गोष्ट मात्र मागे राहिलेल्या शिष्यापाशी थांबते. पहिल्या शिष्याचे पुढे काय झाले, हे ती सांगतच नाही. तिला चिंता आहे ती दुसऱ्याची. आणि त्याच्याविषयी ती पहिली गोष्ट सांगते ती ही, की तो मठ्ठ नाही.

आणखी एक बारकावा मला चिनी जाणणाऱ्या त्या माझ्या विद्यार्थ्याने दाखवला. मुळात दुसऱ्या शिष्याविषयी 'तो एका मनाने हंसाची वाट पाहतो' अशा अर्थाची अक्षरे आहेत. म्हणजे एकाग्रता त्याच्यापाशीही आहे! ती पटाकडे नाही, एवढेच. आणि हंस अजून आलेलाही नाही. जे आभाळात दिसतसुद्धा नाही, त्याच्यावर इतका वेळ मन ठेवणारा मुलगा काही सामान्य म्हणता येणार नाही.

येथे माझी पंचाईत सुरू झाली.

माझा वर्ग माडीवर आहे आणि रस्त्याच्या पलीकडे बँडवाल्यांचे दुकान. लग्नसराई आली की संध्याकाळी त्यांची तालीम चालते. दोनेक वर्षांपूर्वी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येत असे. यमनचा आरोह-अवरोह त्याच्याकडून आठवडे-आठवडे घोटवला, पण तीव्र मध्यम जागेवर बसेना. नजर सारखी खिडकीकडे. मी रागावलो, हात जोडले, खिडकी लावून घेतली. शेवटी एके दिवशी त्याचे वडील न्यायला आले, तेव्हा सांगून टाकले, "याला गाण्याचा कान नाही. तुमचे पैसे आणि माझा वेळ, दोन्ही फुकट." वडील घाईत होते, "बरं" म्हणाले. मुलगा जिन्यापाशी चपला हातात धरून उभा होता. त्याने ते ऐकले.

मेन्शियसचे ते पान वाचताना मला तो जिना दिसू लागला. कान नसलेला मुलगा खिडकीतून काय करीत होता? ऐकत होता. क्लॅरिओनेटवाला तालमीत एखादी जागा चुकला, की हा पोर हसे, हे मला आठवले. त्या वेळी त्याचा मला केवळ राग आला होता. जो चूक ओळखून हसतो, त्याला कान नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हटले?

आता कोणी म्हणेल, की मन लावणे ही शेवटी शिष्याचीच जबाबदारी. गोष्ट तेवढीच असती, तर मीही तसेच म्हणून स्वतःची समजूत घातली असती. चीनमधल्या शाळांच्या पाठ्यपुस्तकात आहे तो हाच भाग: यी-छिउ, दोन शिष्य आणि शेवटचा प्रश्न. पण मूळ ग्रंथात हा उतारा येथून सुरू होत नाही. तो एका राजापासून सुरू होतो.

राजा शहाणा का होत नाही, असा तो मुद्दा आहे. राजाचे नाव मुळात दिलेले नाही. टीकाकार त्याला छी राज्याचा राजा मानतात. हे राज्य आजच्या शानतुंग प्रांतात होते, आणि मेन्शियस काही काळ तेथे मानाच्या पदावर होता. तो सांगतो, की राजाला शहाणपण आले नाही याचे नवल करू नका. जगातले अगदी सहज रुजणारे रोप घ्या. त्याला एक दिवस ऊन आणि दहा दिवस थंडी दिली, तर ते वाढणार नाही. माझी आणि राजाची भेट क्वचित होते, आणि मी पाठ फिरवली की त्याला गारठवणारे येऊन बसतात; माझ्यामुळे एखादा कोंभ फुटला असला, तरी त्याचे मी काय करणार? यानंतर तो यी-छिउची गोष्ट सांगतो. 'एक दिवस ऊन, दहा दिवस थंडी' हाही पुढे चार अक्षरांचा वाक्प्रचार झाला. धरसोडीने काम करणाऱ्याला तो आजही लावतात.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा राजवाडा आला, यात वाचकांना आश्चर्य वाटू नये. आजोबांच्या जागेवर वडील दरबारी गवई म्हणून लागले. संस्थाने १९४८ साली विलीन झाली, तरी वाड्यावरचे गाणे त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालू होते, आणि वडिलांची सारी उमेद त्या नोकरीत गेली. ते कधी कोणाविषयी वाकडा शब्द बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले होते, "सरकारांचा कान चांगला, पण कानाशी लागणारी माणसे फार." ख्याल कोठे मांडून होतो न होतो, तोच कोणी खुर्चीमागे येऊन वाकायचा, कुजबुजायचा, सरकार मान हलवायचे, आणि ती मान सुरासाठी हलली की कागदासाठी, हे गाणाऱ्याला कळत नसे. जुन्या वस्तीतल्या ज्या घरांतून कोणी ना कोणी दरबारात होते, तेथे ही गोष्ट निराळ्या शब्दांत ऐकलेली असेल.

तेव्हा मेन्शियस बोलत होता ते एका आळशी पोराविषयी नव्हते. तो राजाविषयी बोलत होता. आणि स्वतःच्या भेटी किती थोड्या पडतात, हेही कबूल करीत होता. शेवटी निराश होऊन तो छी राज्य सोडून गेला. पुढे त्याच्या ग्रंथाला फार मोठी प्रतिष्ठा आली. यूआन राजवटीत १३१३ साली निघालेल्या आज्ञेने तो सरकारी परीक्षांच्या पायाभूत ग्रंथांत बसला, आणि १९०५ साली त्या परीक्षा बंद होईपर्यंत तेथेच राहिला. शतकानुशतके परीक्षार्थींनी हा उतारा पाठ केला. पण लोकांच्या तोंडी जी चार अक्षरे राहिली, त्यांतून राजा गळाला, थंडी गळाली, आणि शिष्याला द्यायची ताकीद तेवढी उरली. माझ्या भिंतीवर टांगली होती तीही तेवढीच.

माझ्याकडे मुले आठवड्यातून दोनदा येतात, तास-तासभर. उरलेल्या वेळी घरात दूरचित्रवाणी, शाळेचा अभ्यास, शिकवणी, मोबाइल. तंबोरा कोणाच्या घरी आहे? आवाज लावायला एखादी शांत खोली कोणाला मिळते? वडील आम्हांला अंगणात बसवीत, पण पाठ रस्त्याकडे आणि तोंड भिंतीकडे. एका वाटीत शंभर चिंचोके. एक पलटा झाला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. वाटी रिकामी झाल्याखेरीज उठायचे नाही. आणि मुख्य म्हणजे ते स्वतः समोर बसून असत. आमचे मन लागे, यात आमचा गुण किती आणि त्या भिंतीचा, त्या वाटीचा, त्यांच्या बसण्याचा किती, हे मी आजवर कधी मोजले नव्हते. आम्हांला रोज ऊन मिळत होते.

आणि शेवटचा धक्का निराळ्याच पुस्तकाने दिला. मेन्शियसनंतर आठ-नऊशे वर्षांनी, सहाव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये 'लिउ-झ' नावाचा एक ग्रंथ झाला. त्यात एकाग्र अभ्यासावर एक प्रकरण आहे, आणि त्यात आपला यी-छिउ पुन्हा भेटतो. पण या वेळी चुकतो तो शिष्य नव्हे. यी-छिउ स्वतः डाव खेळत बसला आहे, वेढा पुरा होत आला आहे, इतक्यात रस्त्याने कोणी 'शंग' वाजवीत जातो. शंग म्हणजे वेळूच्या नळ्या एकत्र जुळवून केलेले तोंडाने फुंकायचे वाद्य. एका वेळी अनेक स्वर देणारे. यी-छिउचे मन त्या सुरांत गेले. तेवढ्यात कोणी डावाविषयी विचारले, तर राज्यातल्या पहिल्या खेळाडूला उत्तर देता येईना. ग्रंथकार म्हणतो, खेळ एकाएकी अवघड झाला होता असे नाही. सुरांनी त्याचे मन हलवले होते.

ज्याच्यापुढे बसून शिष्याने हंसाची वाट पाहिली, त्या गुरूचाही हंस निघाला. आणि तो वाद्य वाजवीत आला.

माझा हंस कोणता, हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. शिकवताना माझा फोन तंबोऱ्याच्या शेजारी पडलेला असतो. तो वाजत नाही, नुसता उजळतो. मुलगी स्थायी म्हणत असते आणि माझी नजर तिकडे जाते. कार्यक्रमाचे बोलावणे असेल, मानधनाचा निरोप असेल. बहुधा काहीच नसते. म्हणजे हंस आलेलाही नसतो. तिने समेवर येऊन माझ्याकडे पाहिले की मी मान हलवतो. वडिलांनी सांगितलेली ती मान, जी सुरासाठी हलली की कागदासाठी हे कळत नसे, तीच माझ्या खांद्यांवर आहे, हे मला या वयात एका चिनी पुस्तकाने दाखवावे!

मागल्या आठवड्यात मी त्या मुलाच्या घरी गेलो. वडील कामावर होते. आईने बसायला सांगितले, पाणी आणून दिले. मी म्हटले, "तेव्हा मी चुकीचे बोललो होतो. त्याला कान आहे. पाठवाल का परत?" त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गुरुजी, तो घरी गातच नाही हो आता. तोंडाने शीळ घालतो कधी, तीसुद्धा आम्ही पाहिलं की बंद करतो." मुलगा दाराआडून ऐकत होता. त्याला मी हाक मारली, तो आला. पण माझ्याकडे पाहत नव्हता.

ठरले आहे ते इतकेच, की तो रविवारी सकाळी एक तास येईल. बाकीचे दिवस शाळा आणि शिकवणी. एक दिवस ऊन आणि सहा दिवस थंडी. मेन्शियसच्या हिशेबापेक्षा थोडे बरे, पण फार नव्हे. आईने कबूल केले आहे, की रोज सकाळी पंधरा मिनिटे घरातले बाकीचे आवाज बंद ठेवून त्याला बसू देतील. मी वडिलांच्या त्या दोन वाट्या आणि चिंचोके त्याच्याकडे दिले आहेत.

परवाच्या रविवारी तो आला. रस्त्यापलीकडे तालीम चालू होती. मी खिडकी लावली नाही. "क्लॅरिओनेट काय वाजवतो आहे, म्हणून दाखव," म्हटले. त्याने आधी मान खाली घातली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणून दाखवले. सूर नेमके होते. त्यातूनच आम्ही तीव्र मध्यमापाशी कसे जायचे ते पाहिले. जागेवर अजून बसलेला नाही.

तो चिनी कागद मी उतरवून समोरच्या भिंतीवर लावला आहे. तेथून तो मुलांना दिसत नाही. माझ्या आसनावरून मात्र नीट दिसतो. फोन आता जिन्याखालच्या कपाटात असतो.